लोखंडाची मांडणी आणि संगणकाचा हिशेब

लोखंडी तव्याला चुंबक चिकटतो, १८-८ स्टीलच्या पातेल्याला सहसा नाही. दोन्हींत मुख्य धातू लोखंडच. फरक अणूंच्या मांडणीचा. तव्यात घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मधोमध अणू असतात. पातेल्यात मधला अणू नसतो, सहा पृष्ठांच्या मध्यावर असतात. ही मांडणी जास्त दाट, आणि ती टिकते निकेलमुळे.

मग शुद्ध लोखंड विरळ का? कारण चुंबकत्व. त्यातले इलेक्ट्रॉन म्हणजे जणू इवले चुंबक. ते एका दिशेने वळले की ऊर्जा घटते आणि विरळ मांडणी जिंकते. तापवत नेलं, की ९१२ अंश सेल्सिअसला शुद्ध लोखंडही दाट होतं.

हे संगणकाला सहज उमगलं नाही. वॉल्टर कोन आणि लू शॅम यांच्या १९६५च्या समीकरणांत एक पद अंदाजाने भरावं लागतं. सर्वांत साधा अंदाज घेतला, तर १९८५मध्ये उत्तर आलं: लोखंड दाट आणि अचुंबकीय! इलेक्ट्रॉनांची घनता जागोजागी कशी बदलते हे धरल्यावर हिशेब जुळला. पणाला लागलेला फरक अणूच्या एकूण ऊर्जेच्या लाखाव्या भागाहूनही कमी आहे.

'क्वांटम एस्प्रेसो' ही मोफत प्रणाली वापरून मी घरच्या संगणकावर दोन्ही अंदाज ताडून पाहतो. नवख्याने मिश्रधातूंकडे वळण्याआधी हे करावंच. लोखंडात थोडं क्रोमियम सहज मुरतं. जास्त झालं, की दोन्ही वेगळे होऊ पाहतात, आणि असं स्टील ४७५ अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिलं तर ठिसूळ होतं. या मुरण्यामागेही चुंबकत्वच आहे.