क्लाउडांतील छायाचित्रें : अस्सल, नक्कल व दप्तर

वाळवी, पाणी, आग आणि वारसांची उदासीनता हे जुन्या दप्तरांचे शत्रू संशोधकांच्या चांगले परिचयाचे आहेत. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचा लोंढा पुण्यांत शिरला, तेव्हां नदीकांठच्या वस्तींतील भांडींकुंडीं, जुने कागद व तसबिरी ह्यांचा एकच चिखल झाला. अशा प्रसंगीं ज्या कागदाची नक्कल दुसऱ्या गांवीं असते, तोच अक्षररूपानें तरी उरतो.

आजच्या कुटुंबाचें दप्तर कागदाचें राहिलेलें नाहीं. लग्नामुंजींचीं, बारशांचीं, पाडलेल्या वाड्याच्या अखेरच्या दिवसांचीं छायाचित्रें फोनमध्यें असतात. आणि फोन हरवला किंवा पाण्यांत पडला म्हणजे कित्येक वर्षांचा ऐवज एका क्षणांत नाहींसा होतो. यावर उपाय म्हणून बहुतेक लोक तीं इंटरनेटवरून क्लाउडांत ठेवितात. नांव मेघाचें असलें तरी वस्तु अगदीं जमिनीवरची आहे : एखाद्या कंपनीच्या इमारतींत रांगेनें मांडलेलीं यंत्रें, आणि त्यांपर्यंत पोंचणारी तार. हा उपाय चांगला आहे व तो प्रत्येकानें योजावा असेंच आमचें मत आहे. परंतु त्याच्या भरंवशावर अस्सल टाकून देण्याचा जो प्रघात पडत आहे, तो आम्हांस घातक वाटतो. सबब हा उपाय कोठपर्यंत पुरतो याचा येथें विचार करूं.

गूगल फोटोज किंवा आयक्लाउड फोटोज यांसारख्या सोयींत फोन व क्लाउड एकमेकांशीं मिळते ठेविले जातात. यास सिंक म्हणतात. याचा परिणाम असा कीं, ॲपमधून एखादें छायाचित्र पुसलें म्हणजे तें क्लाउडांतूनहि जातें. क्लाउडांत पोंचलेलें छायाचित्र टाकाऊच्या पेटींत गूगलकडे ६० दिवस व ॲपलकडे साधारण ३० दिवस पडून असतें. पुढें तें परत येत नाहीं. आरशांतील प्रतिबिंबास कोणी नक्कल म्हणत नाहीं, तसेंच हें. उलट, गूगलच्या ॲपमध्यें फोनमधील जागा मोकळी करण्याची जी सोय आहे ती वापरली म्हणजे फोनवरील प्रत जाते व क्लाउडांतील तेवढी उरते. नक्कल होती तीच आतां अस्सल झाली, आणि तिची नक्कल कोठेंच नाहीं. शिवाय जागा वांचविण्याचा पर्याय निवडलेला असल्यास १६ मेगापिक्सेलांहून मोठें छायाचित्र लहान करून ठेविलें जातें, म्हणजे उरलें तें अस्सलबरहुकूमहि नव्हे.

दप्तर दुसऱ्याच्या वाड्यांत ठेविलें कीं त्या वाड्याच्या अटी आल्या. गूगल फोटोज मे २०१५ मध्यें सुरू झालें तेव्हां किंचित् घटविलेल्या प्रतीचीं छायाचित्रें वाटेल तितकीं फुकट ठेवितां येत असत. १ जून २०२१ पासून ही मोकळीक बंद झाली, आणि नवीं छायाचित्रें १५ जीबीच्या फुकट मर्यादेंत धरलीं जाऊं लागलीं. त्याच मर्यादेंत मनुष्याचा पत्रव्यवहारहि बसवावयाचा. कोडॅकची छायाचित्रें ठेवण्याची गॅलरी जुलै २०१२ मध्यें बंद झाली. मायस्पेसनें मार्च २०१९ मध्यें कबूल केलें कीं, यंत्रांची अदलाबदल करितांना तीन वर्षांहून जुनीं छायाचित्रें व गाणीं गेलीं असण्याचा संभव आहे. आणि आग तर यंत्रांसहि लागते. फ्रान्सांतील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच कंपनीची एक इमारत १० मार्च २०२१ रोजीं जळाली, तेव्हां ज्यांची नक्कलहि त्याच आवारांत होती अशा गिऱ्हाइकांचें सर्वस्व गेलें. अस्सल व नक्कल एकाच रुमालांत बांधणाऱ्या कारकुनाचीच ही गोष्ट.

परंतु आमच्या मतें याहून मोठी हानि निराळीच असून ती कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मराठी ऐतिहासिक पत्रांत पुष्कळ वेळां ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याची तारीख दिलेली असते, वर्ष मात्र नसतें. तें वर्ष ठरविण्यांत राजवाडे, खरे यांच्यापासून आजवर संशोधकांचे किती श्रम खर्ची पडले हें वाचकांस सांगणें नको. फोननें काढलेल्या छायाचित्राच्या पोटांत एक्झिफ नांवाची नोंद असते. तींत वर्ष, महिना, दिवस, घटका, फोनची जात, आणि परवानगी दिली असल्यास स्थळाचे अक्षांशरेखांशहि असतात. इतकें बोलकें साधन मागील कोणत्याहि शतकानें संशोधकाच्या हातीं दिलें नाहीं. (यंत्राचें घड्याळ चुकलें असल्यास तारीखहि चुकते, तेव्हां पारख येथेंहि सुटत नाहीं.)

हेंच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें पाठविलें म्हणजे तें दाबून लहान होतें व पोटांतील ही नोंद गळून जाते. पुण्याच्या भावानें नागपूरच्या बहिणीस पाठविलेलीं छायाचित्रें बहीण मोठ्या काळजीनें क्लाउडांत ठेविते. पण तीं अशीं निनांवी, बेतारखी असतात. फाइलीच्या नांवांत जी तारीख दिसते ती प्रसंगाची असेलच असें नाहीं. अस्सल पाठवावयाचें तर तें डॉक्युमेंट म्हणून पाठवावें, म्हणजे नोंद शाबूत राहते. आजोबांच्या १९३८ सालच्या तसबिरीचा आज फोननें फोटो घेतला तर तो आजच्याच तारखेखालीं लागतो. ती तारीख हातानें दुरुस्त करावी लागते. येथेंहि एक खुबी आहे. गूगल फोटोजमध्यें केलेली अशी दुरुस्ती छायाचित्राच्या पोटांत जात नाहीं. पुढें टेकआउट या सोयीनें सर्व संग्रह उतरवून घेतला तर ती जेसन नांवाच्या वेगळ्या चिठ्ठींत मिळते. ती चिठ्ठी निरुपयोगी समजून टाकून देणें म्हणजे पत्र ठेवून लखोट्यावरचा मजकूर फाडून टाकणें होय.

तर मग करावें काय? छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला नियम आम्हांस पुरेसा वाटतो : प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागीं. फोनमधील एक, घरच्या हार्डडिस्कवर एक आणि क्लाउडांत एक, इतकें झालें म्हणजे सामान्य कुटुंबाचें काम भागतें. हार्डडिस्कहि कायमची नव्हे. दसऱ्यास शस्त्रें बाहेर काढितात तशी ती वर्षांतून एकदां तरी चालवून पाहावी, आणि त्याच वेळीं क्लाउडांतील नवा भाग तिच्यावर उतरवून घ्यावा.

राहतां राहिला वारसाचा प्रश्न. जुनें दप्तर किल्ली हरवली तरी कुलूप फोडून उघडतां येत असे. मृताच्या खात्याचें कुलूप तसें फुटत नाहीं. गूगल कंपनीच्या नियमान्वयें दोन वर्षें न उघडलेलें व्यक्तिगत खातें त्यांतील छायाचित्रांसह पुसलें जाऊं शकतें. असें पुसण्यास डिसेंबर २०२३ पासून आरंभ झाला. तथापि मालकास हयातींतच अशी व्यवस्था लावून ठेवितां येते कीं, ३ ते १८ महिन्यांपैकीं ठरविलेल्या मुदतींत खातें उघडलें न गेल्यास त्यानें नेमलेल्या माणसांस कळवावें व निवडलेला ऐवज त्यांच्या स्वाधीन करावा. अशीं माणसें दहापर्यंत नेमतां येतात. ॲपलनें डिसेंबर २०२१ मध्यें वारस नेमण्याची सोय केली. तेथें वारसास मालकानें दिलेली सांकेतिक किल्ली व मृत्यूचा दाखला हीं दोन्ही हजर करावीं लागतात. मंजुरीपासून तीन वर्षें खातें त्यास पाहतां येतें. तेवढ्या अवधींत प्रती काढून घ्यावयाच्या, कारण पुढें तें कायमचें पुसलें जातें.