एकाच हाताचे पॉलिश

दसऱ्याला महाराष्ट्रभर आपट्याची पाने सोने म्हणून वाटली जातात. मी राहतो त्या गावाचे नावच आपटा. पनवेल तालुक्यातले, पाताळगंगेच्या काठचे, रसायनीच्या शेजारचे. त्या सकाळी आमच्याकडे अंगणाअंगणातून बादल्यांचा आवाज येतो. मोटारी, फटफट्या, टेम्पो सारे न्हाऊन निघतात, गोंड्याच्या माळा चढतात, बॉनेटवर हळदकुंकू लागते. मग दहाचे ऊन पडते आणि काळ्या मोटारीच्या मालकाचा चेहरा उतरतो. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसू लागतात. यंदा तो मालक मीच होतो. शेजारी म्हणाले, "सर, पॉलिशचा एक हात मारून टाका की!"

एक हात मारावा हे ठीक; पण कशाचा? दुकानाच्या फळीवर बाटल्यांची रांग असते आणि प्रत्येक बाटली एकाच हातात आरशाचे वचन देते. नभोवाणीच्या शिस्तीला धरून मी कंपन्यांची नावे घेत नाही. नावाने काम भागत नाहीच; बाटलीत काय आहे आणि आपल्या मोटारीवर काय आहे, हे कळले म्हणजे पुष्कळ झाले.

आधी त्या गोल रेघांचे बघा. त्या गोल नसतातच! धूळ न धुता कोरड्या फडक्याने पुसले की दगडाची बारीक कच रंगावरून फिरते आणि सगळ्या दिशांनी ओरखडे उठतात. आमच्या तालुक्यात दगडखाणी आणि खडीचे ट्रक असल्यामुळे या कचेला तोटा नाही. त्या असंख्य रेघांपैकी ज्या प्रकाशाला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ भासते. डोके हलवा, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकते.

आता हे ओरखडे आहेत कशात? आजच्या मोटारीवर पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट अवघा 35 ते 50 मायक्रॉन. आणि माणसाचा केस धरला जातो सुमारे 70 मायक्रॉनचा. म्हणजे आपली सारी चकाकी केसाहूनही पातळ पापुद्र्यावर उभी आहे. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात. तो फार झिजला की टपावर पांढुरके चट्टे येतात, पापुद्रे सुटतात, आणि मग पॉलिश कामाचे नाही. नवा रंगच मारावा लागतो.

रस्त्यावरचा खड्डा नाहीसा करायच्या दोन रीती आहेत. एक, त्यात माती भरायची. पहिल्या पावसापर्यंत रस्ता छान. दुसरी, खड्ड्याच्या तळापर्यंत सगळा रस्ताच खरवडून सपाट करायचा. पॉलिशचेही हेच दोन प्रकार. काहींत तेल आणि मेण असते. ते रेघेत बसते आणि रेघ झाकते. काहींत ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण द्रव्याची अतिसूक्ष्म पूड असते. ती रेघेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणते. रेघ भरून येत नाही, तिच्या कडा जातात. पुष्कळ बाटल्यांत दोन्ही थोडे थोडे असते, आणि घोटाळा होतो तो इथेच.

जुन्या रीतीत दोन हात असत. आधी जाड पुडीचे रबिंग कंपाउंड, मग त्याने पडलेल्या धूसर खुणा काढायला बारीक पॉलिश. एका हाताचे पॉलिश हा त्यातला मधला मार्ग. कापते बेताचे, पण मागे स्वच्छ पृष्ठभाग ठेवते. त्याच्याकडून बारीक जाळे बहुतांशी जावे, खोल रेघा फिकट व्हाव्यात, एवढीच अपेक्षा धरावी. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकले तर तो या बाटलीच्या आवाक्याबाहेरचा समजा.

माझी पहिली मोटार पांढरी होती. हमरस्त्यावरच्या एका दुकानात ती रबिंगला दिली. लोकरी चकती लावलेले गोल फिरणारे मशीन त्या कारागिराने असे चालवले की संध्याकाळी मोटार लखलखत होती. दोन-तीनदा धुतल्यावर जुन्या रेघा हजर! शिवाय बॉनेटच्या कडेला बोटभर प्रायमर उघडा पडलेला. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा जोर तिथेच जास्त येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कारागिराचा तरी काय दोष म्हणावा? मी त्याला "चमकव" एवढेच सांगितले होते.

आमच्या मामांची पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही मोटार मुंबईच्या टॅक्सी म्हणून 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होती. मामा दर दिवाळीला तिला रबिंग करीत आणि फडका निळा होई. तिच्यावर वेगळा पारदर्शक थर नव्हताच. रंगच घासला जाई, खालून ताजा रंग वर येई. ती सवय आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. आजच्या मोटारीवर फडका निळा होत नाही, म्हणून काही झिजत नाही असे वाटते. झिजते ते पारदर्शक असते, एवढेच!

मग निवड कशी करावी? पांढऱ्या किंवा रुपेरी मोटारीवर बारीक जाळे फारसे दिसत नाही. तिला मेणमिश्रित, एका दमात काम उरकणारे पॉलिश पुरते, आणि जूनच्या पावसाआधी वर मेणाचे संरक्षणही मिळते. काळी, गडद निळी, लाल मोटार मात्र लबाडी खपवून घेत नाही. तिला कमी कापणारे, स्वच्छ पृष्ठभाग सोडणारे, मेण नसलेले पॉलिश घ्या. मेण नंतर वेगळे लावा. आणि बाटलीइतकाच चकतीचा विचार करा. तेच पॉलिश मऊ फोमवर सौम्य असते, मायक्रोफायबरच्या चकतीवर बरेच जास्त कापते. नवख्या हाताला गोल फिरता फिरता डोलणारे मशीन बरे. ते एका जागी तापत नाही.

परीक्षा मात्र आपल्याच मोटारीवर घ्यावी, कारण कोणाचा क्लिअर कोट कठीण, कोणाचा मऊ. मोटार नीट धुवा. सकाळी, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना, बॉनेटवर कडा सोडून दीड-दोन फुटांचा चौकोन चिकटपट्टीने आखा. सर्वांत सौम्य पॉलिश सर्वांत मऊ चकतीवर घेऊन चार-पाच फेऱ्या द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलात पाणी मिसळून तो चौकोन पुसा. तेल-मेण निघून जाते. आता मोटार उन्हात न्या. जे दिसते ते खरे. मनाजोगे नसेल तर आधी चकती बदला, बाटली त्यानंतर.

हे सगळे मी दसऱ्यानंतरच्या रविवारी केले. दुसरी चकती लागली. बॉनेटवरचे जाळे जवळजवळ गेले, टपावरचे अर्धेअधिक. मागच्या दारावर किल्लीचा एक वीतभर ओरखडा आहे, तो नखाला लागतो. शेजारी येऊन रोज त्याच्याकडे बोट दाखवतात. तो मी तसाच ठेवला आहे.