खुशालीचे पत्र

निराशेने खचलेला मनुष्य इस्पितळातून घरी परतला म्हणजे घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु आत्मघाताचा संभव फार वाढलेला असतो तो नेमक्या त्याच दिवसांत, आणि ज्यांनी पुढील उपचारांस साफ नकार दिला त्यांच्याशी धागा राखावा तरी कसा, हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोतील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांच्यापुढे होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपात असताना एका तरुणीची पत्रे त्यांना येत; त्या पत्रांनी दिलेला धीर ते विसरले नव्हते.

१९६९ पासून पुढील काही वर्षांत दाखल झालेल्या अशा रुग्णांपैकी ८४३ जणांनी उपचार नाकारले किंवा अर्ध्यावर सोडले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी करून ३८९ जणांना पाच वर्षांत २४ पत्रे धाडण्याचे ठरले: प्रथम चार महिने दरमहा, मग आठ महिने महिनाआड, नंतर तिमाहीस एक. उरलेल्यांस काहीच नाही.

मजकूर म्हणाल तर आपल्याकडे मामा-काकांच्या कार्डात असे, तेवढाच. आपण येऊन गेल्यास बरेच दिवस झाले, सर्व ठीक असेल अशी आशा आहे, चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आनंद होईल. औषध घेता की नाही, पुन्हा केव्हा येता, असली विचारणा नाही. खाली सही असे ती इस्पितळात त्या रुग्णाशी प्रत्यक्ष बोललेल्या व्यक्तीची. तोच मजकूर फिरून धाडायचा नाही, आणि उत्तर आले तर त्यातील गोष्टींची दखल घ्यायची, असा शिरस्ता होता. सोबत परतीचा पत्ता घातलेला लिफाफा असे, मात्र त्यावर तिकीट नसे. मला तर साऱ्या प्रयोगाचे मर्म त्या न लावलेल्या तिकिटातच दिसते. कारण तिकीट लावलेला लिफाफा मुकाट्याने उत्तराचा तगादा करतो, आणि ज्यास जगाची सारीच देणी डोईजड झाली आहेत त्याच्या खाती आणखी एक देणे चढते.

२००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पत्रे मिळालेल्यांत आत्महत्यांचे प्रमाण पाचही वर्षे कमी होते, पहिल्या दोन वर्षांत तर संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरण्याइतके. पुढे अंतर मिटत गेले. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे पुढे वर्षाला आठ कार्डांचा असाच प्रयोग झाला, तेव्हा स्वतःस अपाय करून पुन्हा इस्पितळात येणाऱ्या इसमांची संख्या फारशी घटली नाही. त्यांच्या खेपा मात्र जवळजवळ निम्म्यावर आल्या.