पाणी निघालंय, पोचलेलं नाही
(नियंत्रकांची गोष्ट : भाग सहावा)

बीडजवळच्या पालीच्या बिंदुसरा धरणातून कालव्यात पाणी सोडलं की ते शेवटच्या चारीला पोचायला वेळ लागतो, हे तिथल्या कुणाला सांगावं लागत नाही. मागच्या भागात ज्या पीआयडी नियंत्रकाचं, म्हणजे मोजलेली चूक बघून दार हलवणाऱ्या यंत्रणेचं, आपण कौतुक केलं, त्याला मात्र सांगावं लागतं.

मोठ्या मापात बघायचं तर नाथसागराचा उजवा कालवा घ्या. पैठणहून निघून १३२ किलोमीटर चालत तो माजलगावच्या जलाशयात येतो. सेकंदाला एक मीटर वेग धरला तरी सदतीसेक तास झाले. साखर कारखान्यात रसात चुना पडतो तिथपासून पीएच मोजतात तिथपर्यंतचा विलंब मिनिटांचा असेल, दुखणं तेच.

समजा, विलंब तीन तासांचा आहे. टोकाला पातळी कमी दिसली, नियंत्रकाने दार उचललं. फरक दिसेना, म्हणून आणखी उचललं. पाणी आलं ते गरजेपेक्षा जास्त. मग दार पाडायचं, आणि त्याचाही परिणाम उशिराच कळणार. कालव्याचा टप्पा पाणी साठवत जातो, त्यामुळे इथे नियंत्रक जितका तडफदार तितका घातक. त्याची तीव्रता, म्हणजे चुकीला तो देतो त्या प्रतिसादाचा जोर, एका मर्यादेला नेली की पातळी विलंबाच्या चौपट काळाने झुलू लागते, म्हणजे बारा तासांचा एक हेलकावा. त्यापुढे हेलकावे वाढतच जातात. झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये सोपा नियम दिला: ही मर्यादा गाठून बघा, मग तीव्रता साधारण निम्म्यावर आणा. कालव्यावर मर्यादा गाठून बघायची म्हणजे कुणाचं तरी रान बुडवायचं!

१९५७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ऑटो स्मिथ यांनी वेगळी वाट काढली. नियंत्रकाच्या पोटातच प्रक्रियेचं गणिती प्रतिरूप ठेवायचं. सोडलेलं पण न पोचलेलं पाणी किती, याचा हिशेब ते ठेवतं आणि नियंत्रक उगाच दार उचलत नाही. कल्पना सुरेखच. पण कालव्यावर टाकलेल्या मोटारी त्या प्रतिरूपात नसतात. वाटेत सतत उपसा चालू असेल, तर पाणी साठवत जाणाऱ्या टप्प्यावर मूळ स्मिथ-रचना पातळी हवी तिथे आणूच शकत नाही. तूट कायमची राहते. ऑस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ही उणीव काढणारी सुधारित रचना मांडली.

तरी कालव्यापुरतं मला वाटतं, मागणी आधी कळणं हे कुठल्याही हुशार सूत्रापेक्षा मोलाचं. पाटबंधारे खात्याकडचा पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज आणि शेजपाळीचं वेळापत्रक यांच्याकडे मी कागदावरचं नियंत्रण म्हणून बघतो: तूट दिसायच्या आधीच दार हलवायला ते सांगतात. माजलगावच्या उजव्या कालव्यावर फ्रान्समधल्या प्रोव्हान्स कालव्याच्या धर्तीवर गतिमान नियमनाचा प्रयोग झाला, त्याचाही गाभा हाच. मागणीच्या अंदाजाने दारं आधी हलवायची, उरलेली चूक पातळी मोजून सुधारायची.

अर्ज न भरता बसलेली मोटार अंदाजात येत नाही, ती मोजमापातच सापडते. त्यामुळे मोजून सुधारण्याचा फेरा सोडता येत नाही. तो किती सावकाश चालवायचा, याचं गणित पुढच्या आठवड्यात.