बांधावरचा अडुळसा आणि दम्याचा पंप

पावसाळा सरत आला की आपल्या चोपडा तालुक्यात रस्त्याच्या कडेला, शाळेमागे, गावठाणात गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरून जातं. त्याच सुमारास घरातलं कोणीतरी रात्री उठून बसतं नि धापा टाकू लागतं. मग सल्ले सुरू होतात. कोणी अडुळसा सांगतं, कोणी दमवेल, कोणी धोतऱ्याची बिडी. शेतकरी बंधूंनो, यात खरं किती ते पाहू.

अडुळशाला शेळीही तोंड लावत नाही, म्हणून तो बांधावर टिकतो. त्याच्या पानात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य आहे. त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्झिन हे औषध बनलं. घरातली खोकल्याची बाटली पाहा, बऱ्याचदा हे नाव सापडेल. पण त्याचं काम कफ पातळ करण्याचं. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनळी आतून सुजते, आवळते. ती सूज काढ्याने उतरेल या भरवशावर राहू नका. गरोदर बाईला तर हा काढा देऊच नये, गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो.

दमवेलीची गोष्ट निराळी. १९६० च्या दशकाअखेर दिल्लीचे डॉ. शिवपुरी यांनी रुग्णांना रोज एक पान, असं सहा दिवस चावायला दिलं. अनेकांना आराम पडला. तोंड मात्र सोललं, काहींना उलट्या झाल्या. पुढे १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत फरक दिसला नाही. म्हणजे निकाल अधांतरीच.

धोतऱ्याने नळी सैल होते हे खरं. त्याच्या जवळचं औषध दवाखान्यात वाफेतून देतात, पण मोजून. बिडीत विष किती गेलं ते कोण मोजणार? माणूस भ्रमतो, जिवावरही बेततं.

डॉक्टरांनी दिलेला पंप ‘सवय लागेल’ म्हणून बंद करू नका. औषध थेट नळीत जातं, म्हणून मात्रा थोडी पुरते. काढा घ्यायचाच तर डॉक्टरांना सांगून, पंप चालू ठेवून.

सरपंच, ग्रामसेवकांनीही एक करावं. गाजर गवताचा परागही दमा चाळवतो. ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावं. हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून. दमेकऱ्याला या कामाला लावू नये.

आणि रुग्णाला बोलताना वाक्य पुरं करता येईना, ओठ निळे पडू लागले, तर पंप देत राहा नि १०८ ला फोन लावा. चुलीवर काढा चढवू नका.