चिखलातली शर्यत आणि मोडका हँगर

चाळिशी उलटली की आपली माणसे गोल्फकडे वळतात. मला मात्र सायकलोक्रॉसचे वेड लागले. फ्रीमाँटच्या मित्रमंडळींत "म्हणजे नक्की काय?" हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधी तेच सांगतो.

गवत, चिखल आणि वाळू असलेल्या तीनएक किलोमीटरांच्या वाटेवर फेऱ्या मारायच्या. मध्येच चाळीस सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या आडव्या लावलेल्या असतात. तिथे उतरून सायकल उचलून धावायचे! फ्रान्समध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली. अमेरिकेत लॉरेन्स मलोन यांनी १९७५ ते १९७९ अशी सलग पाच वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

गेल्या नोव्हेंबरात सॅन्टा क्रूझच्या बाजूला चाळीस वर्षांवरील हौशींच्या शर्यतीत उतरलो होतो. दोरीपलीकडे मुलगी घंटा वाजवत उभी. तिसऱ्या फेरीत चढावर सर्वांत हलका गिअर टाकला आणि कडाड असा आवाज झाला. मागचा डिरेलर स्पोकमध्ये शिरला होता आणि हँगर मोडला होता.

हँगर म्हणजे डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दामच नरम ठेवतात. धक्का बसला तर आधी तो वाकावा किंवा मोडावा, महागडी फ्रेम वाचावी. घरातल्या फ्यूजसारखेच काम. पण वाकलेला हँगर डिरेलरला चाकाकडे ढकलतो आणि हलक्या गिअरमध्ये स्पोक अगदी जवळ येतात.

आता कबुली. आदल्या आठवड्यात अलामीडा क्रीकच्या वाटेवर माझी सायकल उजव्या कुशीवर पडली होती. त्यानंतर गिअर कुरकुरत होते. अभियांत्रिकीतली डॉक्टरेट खिशात असूनही मी म्हणालो, "चालेल की!" ऑफिसात एखाद्या कनिष्ठाने अशी सूचना दुर्लक्षिली असती, तर मी त्याला तासभर व्याख्यान दिले असते.

नियम असा, की सायकल बदलायची किंवा दुसऱ्याची मदत घ्यायची तर ती ठरावीक पिटमध्येच, आणि तिथे वाटेच्या दिशेनेच जायचे, उलटे नाही. मातब्बरांची दुसरी सायकल तिथे तयार असते. माझी फक्त हत्यारांची पिशवी होती. सायकल खांद्यावर टाकून अर्धी फेरी धावलो. छाती फुटायची वेळ आली. एकेक जण पुढे निघून गेला. सोडून द्यावे असे दहादा वाटले.

पिटमध्ये चेन तोडून डिरेलर सोडवला आणि एकाच गिअरची सायकल केली. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चेनमध्ये आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने येते, प्रत्येकी अर्धा इंच. म्हणून ती एकेका इंचानेच आखूड होते. शिवाय चाक खाचेत मागेपुढे सरकत नाही. त्यामुळे चेन जवळजवळ सरळ राहील आणि फार सैल वा फार ताठ होणार नाही, अशी मागची चक्री शोधायची. तिसऱ्या प्रयत्नात जमले.

त्या वेळी आठवला तो युजीन क्रिस्तोफ. सायकलोक्रॉसचा सात वेळा फ्रेंच विजेता. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये तुरमाले घाटाच्या उतारावर त्याचा पुढचा फोर्क मोडला. सायकल उचलून तो कित्येक किलोमीटर चालत गावात गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला. भाता एका मुलाने ओढला म्हणून वर दंडही झाला! तरी एकंदर सातवा आला.

मी सातवा नव्हे, शेवटचा आलो. मुलीने विचारले, "बाबा, थांबला का नाहीत?" म्हटले, "मोडले ते माझ्या आळसामुळे. त्याची भरपाई मलाच करायला हवी होती."

वाचकहो, सायकल पडली की मागे उभे राहून पाहा: डिरेलरच्या दोन छोट्या चक्र्या मागच्या चक्रीशी समांतर, एकाच सरळ रेषेत हव्यात. आणि आपल्या फ्रेमचा जादा हँगर पिशवीत ठेवा. अनेक फ्रेमचा वेगळा असतो. आयत्या वेळी उसना मिळेलच असे नाही.