घरपट्टी व घराचें वय

सातबारा तोंडपाठ असलेले आमचे शेतकरी बंधू घरपट्टीचा कागद मात्र वाचीत नाहींत. सन १९६० च्या नियमांत २०१५ सालीं दुरुस्ती होऊन ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर बसूं लागली. जमिनीचा दर, बांधकामाचा दर व घराचा उपयोग यांवरून तें मूल्य ठरतें. बांधकामाच्या किंमतींत वयोमानाप्रमाणें घसारा धरतात. म्हणून सोलापुराकडील जुन्या माळवदी घराचें वय नमुना आठमध्यें कमी लिहिलें गेल्यास मालक दरसाल जादा कर भरतो. आकारणी दर चार वर्षांनीं बदलते. यादी लागतांच लेखी हरकत द्यावी. सातबाऱ्यावर वारसांचीं नांवें लागलीं म्हणजे घरासही लागलीं, ही समजूत (दप्तरीं बसून पुष्कळदां ऐकिली) चुकीची आहे. त्यासाठीं ग्रामपंचायतींत निराळा अर्ज करावा लागतो.